सोनकुसरे आणि अर्धा मिलिमीटर

सोनकुसरेंनी मला तीन वर्षांत एकदाही 'चुकलं' असं म्हटलं नाही. त्यामुळे माझं काय काय चुकतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात वेडेवाकडे दात सरळ करण्याचं पुढचं शिक्षण घेत होतो. त्या काळी लोक दात काढायला यायचे, फार तर भरायला. दुखत नसताना केवळ दात वाकडा आहे म्हणून दवाखान्यात येणाऱ्या माणसाकडे बाकीच्या विभागांतली मंडळी जरा संशयानं बघायची. आमच्याकडेही ती तशीच बघायची. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर टोकाला होता, आणि त्या टोकाच्याही टोकाला एक दहा बाय दहाची खोली होती. तिला प्रयोगशाळा म्हणत. तिथे प्लास्टरची पिंपं, एक गॅसची शेगडी, वाळ्याचा वास सुटलेला कूलर आणि सोनकुसरे असत.

कागदोपत्री सोनकुसरे अटेंडंट होते. म्हणजे साहेबांनी मागितलेली वस्तू आणून देणं आणि मागितली नसेल ती परत ठेवणं, एवढंच त्यांचं काम. प्रत्यक्षात विभागात जे काही हातानं व्हायचं, ते बहुतेक त्यांच्या हातानं व्हायचं. तोंडाचे साचे ओतणं, मेणाची कामं, तारा वळवणं. एकच गोष्ट त्यांना मना होती. पेशंटच्या तोंडात त्यांचा हात जायचा नाही. सतरा वर्षं ते खुर्चीच्या उजव्या अंगाला ट्रे धरून उभे राहिले, हजारो तोंडं त्यांनी आतून पाहिली, पण एकाही दाताला बोट लावलं नाही.

मूळचे तांडापेठेतल्या विणकर घरातले. वडिलांच्या हातमागावर दहाव्या वर्षी बसले, पंचविसाव्या वर्षी माग बंद पडला तेव्हा इथे लागले. बुटके, काटक, अंगात कायम पांढरा टेरिकॉटचा शर्ट. तो पांढराच का, असं मी एकदा विचारलं. "प्लास्टर उडते नं जी. दुसऱ्या रंगावर दिसते." असा साधा हिशेब. चष्म्याची काडी तुटली होती, तिथे त्यांनी सूत गुंडाळलं होतं, आणि ते इतकं नेटकं गुंडाळलं होतं की बऱ्याच जणांना ती फॅशन वाटायची.

दातांकडे बघायची त्यांची एक रीत होती. साचा डोळ्यांच्या पातळीला धरायचा, डावा डोळा मिटायचा, आणि दोन बोटांत सुताचा एक धागा ताणून तो दातांच्या रांगेसमोर आडवा धरायचा. मग बराच वेळ काही बोलायचं नाही. मग साचा खाली ठेवायचा आणि तरीही काही बोलायचं नाही. दातांविषयी ते बोलायचे ते नात्यागोत्याच्या भाषेत. समोरचे दोन म्हणजे थोरले. त्यांच्या बाजूचे दोन दबलेले. कोपऱ्यावरचा सुळा हा घरातला जावई, त्याला त्याची जागा सोडून भागत नाही. "एकटा दात नका पाहू साहेब," ते एकदा म्हणाले होते, "त्याचे शेजारी पाहा. शेजारी कसे आहेत त्याच्यावर तो कसा दिसते ते राह्यते." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत लिहिता आलं नाही, कारण संदर्भ कोणाचा द्यायचा हा प्रश्न होता.

आता थोडं आमच्या धंद्याविषयी सांगणं भाग आहे. दातावर चिकटवायचा स्टीलचा एक चिमुकला चौकोन असतो, त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या मधोमध खाच असते आणि सगळ्या दातांच्या खाचांतून एक तार जाते. तार सरळ होऊ पाहते आणि जाताजाता दातांनाही सरळ करते. सगळी गंमत एवढीच, पण ब्रॅकेट कुठे चिकटवलं यावर ती चालते. वरच्या दातावर ते अर्धा मिलिमीटर हिरडीकडे लागलं, तर दात अर्धा मिलिमीटर खाली उतरतो. टोकाकडे लागलं तर वर चढतो. तारेला काही कळत नाही. ती चुकीच्या खाचेलाही तितक्याच निष्ठेनं सरळ करते.

पहिल्या वर्षी माझ्या एका पेशंटसाठी सोनकुसरेंनी तार वळवून दिली. मी काढलेल्या चित्राप्रमाणेच होती, फक्त एका दातापाशी तिला चित्रात नसलेला एक बारीक बाक होता. मी म्हटलं, सोनकुसरेंचं वय झालं. पक्कड घेतली, बाक सरळ केला आणि तार बसवली. दोन महिन्यांनी तो दात वर चढून बसला होता. मी ब्रॅकेट टोकाकडे लावलं होतं.

पुढच्या तारेला तोच बाक पुन्हा होता, या वेळी जरासा जास्त. मी गपचूप बसवली. दात खाली आला. मी खोलीत जाऊन विचारलं, "सोनकुसरे, हा बाक तुम्ही दिला होता का?"

"तारेतच होता जी," ते म्हणाले.

"तार नवी होती."

"नवीच होती जी."

यापुढे संवाद गेला नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांची भाषा शिकायला लागलो. मी साच्यावर काही लावत असताना ते शेजारी उभे असत. बरोबर लागलं तर पुढचं ब्रॅकेट पुढे करत. चुकलं तर खिशातून फडकं काढून चिमटा पुसत. चिमटा आधीच स्वच्छ असे. ते पुसतायत हे दिसलं की मी ब्रॅकेट काढायचो, परत लावायचो, आणि फडकं खिशात गेलं की पुढे जायचो. अशा रीतीनं मी विभागातला एक हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जाऊ लागलो. तारेतले बाक कमी होत गेले. ही सवलत फक्त आम्हा शिकाऊ मंडळींसाठी आहे, अशी माझी समजूत होती.

आमच्या विभागप्रमुख आठल्ये मॅडम. कडक खळ केलेली सुती साडी, वर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात पेनाच्या जागी गेज. गेज म्हणजे दाताच्या टोकापासून ब्रॅकेटची उंची मोजायचं स्टीलचं छोटं हत्यार. मॅडम ते दाताच्या टोकाला टेकवत, खुणेवर ब्रॅकेट लावत आणि पुढच्या दाताकडे वळत. त्यांचा एक दात मिनिटभरात व्हायचा. "डोळा थकतो," त्या म्हणत, "गेज थकत नाही." विदर्भातून, छत्तीसगडातून लोक त्यांच्याकडे मुलं आणायचे आणि त्यांच्या हातून गेलेले दात खरोखर देखणे व्हायचे. सतरा वर्षं त्या आणि सोनकुसरे एकाच खुर्चीच्या दोन बाजूंना उभे होते. त्यांच्यातलं बोलणं "प्लास्टर ओतलं?" आणि "हो जी" या दोन वाक्यांवर झकास चाललं होतं.

अशात माझ्या प्रबंधाचा विषय ठरायची वेळ आली. त्या सुमारास नव्या धर्तीची ब्रॅकेट आली होती. त्यांत दाताचा कल, वळण सगळं आधीच बसवलेलं असे, म्हणून तारेला अजिबात बाक द्यायचा नाही, ती सपाट सरळ ठेवायची. म्हणजे ब्रॅकेटची जागा हेच सगळं. मग ती जागा ठरवायची कशी? मॅडमसारखी थेट तोंडात, गेजनं मोजून? की आधी साच्यावर, निवांत बघून लावायची, त्यावर रबरी ट्रे बनवायचा आणि त्या ट्रेनं सगळी ब्रॅकेट एकदम तोंडात न्यायची? मी मॅडमना म्हटलं, दोन्हींची तुलना करू या. बारा पेशंट घेऊ. प्रत्येकाची उजवी बाजू तुम्ही थेट तोंडात लावा, डावी मी साच्यावरून लावतो. तीन महिने साधी सरळ तार ठेवू आणि मग मोजू.

आज असा प्रबंध कुणी दारातही उभा करणार नाही, कारण त्यात पद्धती दोन आणि माणसंही दोन; फरक पडला तर तो पद्धतीचा की माणसाचा, हे कळणार कसं? पण मॅडमना आव्हान आवडलं. "तोंडात लावायचं ते तोंडात बघून लावावं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खेळा प्लास्टरशी."

प्लास्टरशी खेळण्यात पहिली अडचण चिकटवायची आली. साच्यावर ब्रॅकेट असं चिकटलं पाहिजे की हलणार नाही, आणि नंतर गरम पाण्यानं सुटून ट्रेमध्ये यायलाही हवं. बाहेरदेशी यासाठी काय वापरतात ते पुस्तकात होतं, पण सीताबर्डीच्या बाजारात मिळत नव्हतं. सोनकुसरेंनी गुळाचा पाक करून आणला. पाक उत्तम निघाला. सकाळी येऊन बघतो तर साच्यावर मुंग्यांची रांग आणि टेबलावर ब्रॅकेटांची. मुंग्यांनी एकूण एक ब्रॅकेट सोडवून ठेवलं होतं. मला रडू यायचं बाकी होतं. सोनकुसरेंनी मुंग्या झटकल्या, एक पितळी परात आणली, तिच्यात पाणी भरलं, मधोमध वाटी उपडी घातली आणि वाटीवर साचा ठेवला. मॅडम आत आल्या, परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"मुंग्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"असं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या उजव्या बाजूला परातीची गरज नव्हती आणि हे त्यांनी न बोलता पुरेसं सांगितलं.

अकरा पेशंट झाले. बारावा मौद्याचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गेला. महिनाभर शोधूनही तसा वेडावाकडा जबडा मिळेना. आणि एक दिवस सोनकुसरेंची मुलगी शोभा त्यांचा विसरलेला डबा द्यायला आली. नववीत होती. दारातून काहीतरी सांगताना हसली आणि लगेच तोंडावर हात नेला. हात जायच्या आधी मला जे दिसायचं ते दिसलं. वरचे दात एकमेकांवर चढलेले होते, अगदी मला हवे तसे. प्रबंधवाल्याची नजर फार हलकट असते.

"सोनकुसरे, शोभाला घेऊ का आपल्या कामात?"

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सरळ होतील का जी दात?"

"होतील की."

"तिले हसाले लाज वाटते. तिच्या मायलेबी वाटे." एवढं वैयक्तिक ते पहिल्यांदाच बोलले.

ज्या दिवशी शोभाची ब्रॅकेट लावायची होती, त्या दिवशी डाव्या बाजूला मी माझा रबरी ट्रे बसवला. मग मॅडम उजवी बाजू लावायला आल्या. सोनकुसरे हत्यारांचा ट्रे धरून नेहमीच्या जागी. मॅडमनी सुळ्याच्या टोकाला गेज टेकवलं, खुणेवर ब्रॅकेट ठेवलं, दाबलं. आणि मला सोनकुसरेंच्या हातात फडकं दिसलं. ते चिमटा पुसत होते. मॅडम पुढच्या दाताकडे गेल्या. ते पुसतच राहिले.

मी नंतर खोलीत गेलो. ते शोभाची तार जबड्याच्या कमानीपुरती वळवत होते. वळवून झाली, साच्यावर धरून बघितली, मग पक्कड सुळ्याच्या जागी नेली. तिथे ती बराच वेळ थांबली. मग त्यांनी पक्कड टेबलावर ठेवली आणि तार माझ्याकडे दिली. सरळ होती, सपाट.

"सोनकुसरे, काही चुकलंय का?"

"नाही जी. गेजनंच तं मोजलं."

मला ठाऊक होतं काहीतरी चुकलंय. काय, ते कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचीही माझी फार इच्छा नव्हती. बारावा पेशंट मोठ्या मुश्किलीनं मिळाला होता. 'नाही जी' ऐकून मला बरं वाटलं. या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

तीन महिन्यांत शोभा चार वेळा आली. दात सुंदर सरकत होते. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "काही त्रास?"

तिनं बापाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. मग हळूच, "या बाजूनं चावता नाही येऊन राहिलं. तोंड मिटलं का हाच दात आधी टेकते." तिनं उजव्या सुळ्यावर बोट ठेवलं.

"मधे मधे होतं असं," मी म्हणालो. डॉक्टरांना हे वाक्य फार उपयोगी पडतं.

सोनकुसरे त्या काळात अधिकच गप्प झाले. डबा खायला आमच्यात बसायचे, ते बंद झालं. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की हल्ली घरी जेवताना ते शोभाच्या समोर बसत नाहीत, डाव्या हाताला बसतात. मी कारण विचारलं नाही. तो मे महिना होता. दहाच्या आत मेणाची कामं उरकावी लागत, नाहीतर मेण हातातच बसकण मारायचं. सोनकुसरे सातला येत. मी दहाला येत असे आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत असे.

मोजणीचा दिवस उजाडला. बारा साचे टेबलावर रांगेत. मी मापं घेत होतो, मॅडम लिहीत होत्या. अकरा साच्यांवर डाव्या-उजव्या बाजूंत तसा फार फरक नव्हता. कुठे मी थोडा बरा, कुठे त्या. मॅडमना ते मुळीच वाईट वाटलं नाही. मग शोभाचा साचा आला. उजवा सुळा अर्धा मिलिमीटर खाली होता, हिरडीसकट.

मॅडमनी साचा उचलून जवळ नेला. "कसं शक्य आहे? मी स्वतः गेजनं लावलं होतं." त्यांनी गेज खिशातून काढलं, टेकवलं, पुन्हा टेकवलं. "माप बरोबर आहे."

"माप बरोबरच आहे जी," दारातून आवाज आला. सोनकुसरे उभे होते. "दात आखूड आहे."

मॅडम वळल्या. सतरा वर्षांत त्यांनी न विचारता सोनकुसरे पहिल्यांदाच बोलले होते.

"म्हणजे?"

"शोभा शेजाऱ्यांकडे मागाच्या कांड्यांवर सूत भरते जी, सहा वर्षाची होती तवापासून. धागा हातानं नाही तोडत, दातानं तोडते. आमच्याकडच्या पोरी सगळ्या तसंच करतात. त्याच दातानं. टोक घासून गेलं त्याचं. तुमी टोकापासून मोजलं. टोकच जागेवर नव्हतं."

मॅडमनी गेज खाली ठेवलं. साचा फिरवून बघितला. घासलेलं टोक आता सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याआधी तीन महिने आम्हा दोघा डॉक्टरांना दिसलं नव्हतं, हेही दिसत होतं.

"तुम्हाला हे केव्हा दिसलं?"

"तुमी लावलं तवाच."

"मग बोलला का नाही?"

सोनकुसरेंनी टेबलावरच्या तारेकडे बघितलं. "मी तारेनं सांगत होतो जी आजवर. यावेळी तार सरळ ठेवाची होती."

मला कळलं ते मॅडमनाही कळलं, पण त्यांना थोडा वेळ लागला. लागणारच. "आजवर," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे माझ्या केसेसना तुम्ही बाक देत होता. माझ्या चित्रात नसलेले."

"सगळ्या नाही जी," सोनकुसरे घाईघाईनं म्हणाले. "बऱ्याचशा चांगल्या लावता तुमी."

मॅडमनी 'बऱ्याचशा' हा शब्द गिळला. तो गिळताना मी त्यांना बघितलं आणि मला त्या माणूस म्हणून पहिल्यांदा आवडल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी तुम्ही गप्प बसलात?"

"या साहेबांचं काम होतं. एका पोरीच्या तारेले बाक देला असता, तं बाकी अकरा जणांच्या मापाले काय अर्थ होता?" त्यांनी चष्मा काढला. "पण मॅडम, तिले जेवता नाही येऊन राहिलं. तीन महिने झाले. मी रोज पाहून राहिलो. मले जेवण जात नाही."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. हा माणूस माझ्या बारा पेशंटांच्या आकड्यासाठी तीन महिने स्वतःच्या मुलीचा घास चुकताना पाहत होता, आणि मी एका 'नाही जी'वर समाधान मानलं होतं.

"शोभाला बोलवा," मॅडम म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर ती आली. मॅडमनी सुळ्यावरचं ब्रॅकेट काढलं, दात साफ केला, कोरडा केला. नवं ब्रॅकेट चिमट्यात धरलं. मग त्यांनी जे केलं ते विभागाच्या कुठल्याही नियमात बसत नव्हतं. त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "सोनकुसरे, हात धुवा. तुम्ही लावा."

सोनकुसरेंनी हात धुतले. बराच वेळ धुतले. मग चिमटा घेतला, पेस्ट लावलेलं ब्रॅकेट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाच्या आत हात नेला. साच्यावर जो हात मी कधी अडखळताना पाहिला नव्हता, तो शोभाच्या ओठापाशी थांबला. ओठ मधे आला. जीभ मधे आली. लाळ आली. ते मागे सरले, पुन्हा पुढे आले. पेस्ट दीड मिनिटात घट्ट होते. ती चिमट्यातच झाली.

"बाबा, होऊन राहिलं का?" शोभानं तोंड उघडंच ठेवून विचारलं.

सोनकुसरेंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. कपाळ पुसलं. "प्लास्टर कसं गप राह्यते मॅडम," ते म्हणाले. "हे तं श्वास घेऊन राहिलं. अन् तुमी याच्यावर सतरा वर्षं लावून राहिल्या." त्यांच्या आवाजात उपरोध नव्हता. एवढा निखळ आदर मी कुणाच्याही आवाजात फारसा ऐकलेला नाही.

मॅडमनी वाळलेली पेस्ट खरवडून काढली. ताजी पेस्ट कालवली, ब्रॅकेटला लावली, आणि ते दाताच्या पोटावर अंदाजानं ठेवलं. गेज खिशातून काढलं नाही.

"बघा," त्या म्हणाल्या.

सोनकुसरे खुर्चीच्या पायथ्याशी गेले, वाकले, डावा डोळा मिटला. पेस्ट घट्ट होत होती. ते गप्प होते. मॅडम चिमटा धरून होत्या. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होतो आणि देवाला म्हणत होतो, हा माणूस आता तरी बोलू दे.

"वर आहे जी," सोनकुसरे म्हणाले.

चिमटा हलला. "आता?"

"अजून खाली."

"आता?"

"अजून. जरासंच. शोभे, हालू नको वं!" मग त्यांचा श्वास सुटला. "बस."

मॅडमनी चिमटा काढला. ब्रॅकेट लागलं. त्यानंतर दोन महिन्यांनी शोभा दोन्ही बाजूंनी जेवायला लागली. तिनं मला हे आपणहून सांगितलं, कारण मी विचारायला धजत नव्हतो. प्रबंधात मी शोभाचं माप जसंच्या तसं ठेवलं आणि मॅडमनी त्याखाली एक ओळ घालायला लावली, की घासलेल्या दाताला टोकापासूनची मोजणी लागू पडत नाही, हे विभागातल्या सोनकुसरे यांनी दाखवून दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सोनकुसरे हे कुठले प्राध्यापक? मॅडम म्हणाल्या, "आमचेच."

परीक्षा संपली, निकाल लागला, मला अमरावतीत जागा मिळाली. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घ्यायला विभागात गेलो. हातात संत्राबर्फीचा डबा होता. मॅडम सावनेरच्या एका मुलाच्या तोंडावर वाकल्या होत्या आणि सोनकुसरे त्यांच्या मागून मान काढून बघत होते. बाहेरच्या बाकांवरचे पेशंट दाराकडे टक लावून बसले होते, कारण आतून भांडणाचा आवाज येत होता.

"चुकलं मॅडम."

"काही चुकलेलं नाही. नीट बघा."

"मी नीटच पाहून राहिलो जी! तिरपं आहे."

"तिरपं नाही, दातच तसा आहे."

"दात तसा नाही! त्याचा शेजारी पाहा नं तुमी!"

मी दारात बराच वेळ उभा राहिलो. दोघांपैकी एकालाही वळून बघायला फुरसत नव्हती. शेवटी बर्फीचा डबा बाकावर बसलेल्या एका बाईंच्या हातात दिला, आत द्यायला सांगितला आणि जिना उतरलो. खालच्या मजल्यापर्यंत सोनकुसरेंचा आवाज येत होता.